पंच, वार्ताहर आणि समर्थक : वृत्तपत्रीय पक्षपाताच्या भावनेचा विचार

१

फुटबॉलच्या सामन्यात आपला संघ हरला की समर्थकाच्या मनात प्रथम पंचाविषयी रोष उत्पन्न होतो. हा रोष बहुधा त्या रात्रीपुरता असतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र हाती आल्यावर मात्र त्याचे अधिक टिकाऊ रूप प्रकट होते. आपला संघ जिंकला तर श्रेय प्रतिपक्षाच्या चुकीला दिले गेले. हरला तर दोष मात्र आपल्या खेळाडूंच्या वृत्तीला. प्रतिपक्षाचे छायाचित्र तीन स्तंभांचे, आपले एका स्तंभाचे. त्यांच्या प्रशिक्षकाचे म्हणणे सविस्तर, आपल्या प्रशिक्षकाचे दोन ओळींत. ही तक्रार कोणत्याही एका संघाच्या समर्थकांची नाही. जेथे फुटबॉलवर जीव जडलेला आहे आणि वृत्तपत्र वाचले जाते, तेथे तेथे ती ऐकू येते.

या तक्रारीत एक चमत्कारिक विसंगती आहे. परस्परांचे हाडवैरी असलेल्या दोन संघांचे समर्थक पुष्कळदा एकाच वृत्तान्ताविषयी, एकाच सकाळी, हीच तक्रार करतात. दोघांचे म्हणणे पूर्णतः खरे असणे संभवत नाही, असे तर्क सांगतो; दोघांपैकी कोणीही जाणूनबुजून खोटे बोलत नाही, असे अनुभव सांगतो. मग या भावनेचे स्वरूप काय? ती केवळ निष्ठेतून उपजलेला दृष्टिभ्रम आहे, की तिच्या मुळाशी काही वस्तुस्थिती असते? आणि दोन्ही असेल, तर एकापासून दुसरे निवडावे कसे?

या प्रश्नांचा विचार करण्यास होसकोटे हे गाव एका कारणाने सोयीचे आहे. बेंगळुरूच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे पंचवीस किलोमीटरांवर हे तालुक्याचे ठिकाण आहे. 'होस कोटे' म्हणजे नवा कोट. १६३८ नंतर शहाजीराजांकडे आलेल्या जहागिरीत बेंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्या जोडीला होसकोटेही होते, आणि या प्रदेशातील मराठी भाषेचे अस्तित्व तेव्हापासूनचे आहे. आज तेथे कन्नड ही सर्वांची भाषा आहे. शेजारी तेलुगू, तमिळ आणि उर्दू आहेत. शहराकडे निघाले की इंग्रजी आणि मलयाळमही भेटतात. अशा गावातील एखादे मराठी घर कल्पावे. घरात मराठी, शाळेत कन्नड, कचेरीत इंग्रजी. आणि ज्या संघासाठी घरातील मुले निळा सदरा अंगात घालून कंठीरवा क्रीडांगणाची वाट धरतात तो संघ बेंगळुरू एफसी. या घरात एकच सामना तीन भाषांतून पोहोचतो. पक्षपाताची भावना कशी जन्मते हे पाहण्यास अशा वाचकाइतका योग्य साक्षीदार दुसरा नाही.

२

बेंगळुरू एफसी या संघाची स्थापना २०१३ मध्ये झाली. पहिल्याच हंगामात, म्हणजे २०१३-१४ मध्ये, त्याने आय-लीगचे विजेतेपद मिळविले. २०१६ मध्ये एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. २०१८-१९ मध्ये इंडियन सुपर लीग त्याने जिंकली. कंठीरवा क्रीडांगणाच्या पश्चिमेकडील भागात उभे राहून सामनाभर गाणारे 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' हे त्याचे समर्थक आणि केरळ ब्लास्टर्सचे 'मंजप्पडा', म्हणजे पिवळी सेना, यांच्यातील चुरस सर्वश्रुत आहे. बेंगळुरूत मलयाळी भाषकांची संख्या मोठी असल्यामुळे कंठीरवावर या दोन संघांची गाठ पडते तेव्हा पाहुण्यांचा आवाजही यजमानांच्या तोडीचा असतो.

३ मार्च २०२३ रोजी हे दोन संघ याच मैदानावर बाद फेरीच्या सामन्यात समोरासमोर आले. ठरलेल्या वेळेत एकही गोल झाला नाही. जादा वेळेच्या प्रारंभी, ९६व्या मिनिटाच्या सुमारास, बेंगळुरूला केरळच्या गोलक्षेत्रालगत फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू बचावाची भिंत रचण्याच्या तयारीत असताना आणि गोलरक्षक आपल्या जागेवर पुरता स्थिरावला नसताना सुनील छेत्री याने चेंडू थेट गोलमध्ये धाडला. पंचांनी गोल मान्य केला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावून घेतले. ते परतले नाहीत, आणि सामना बेंगळुरूला देण्यात आला. पुन्हा खेळवण्याची केरळची मागणी फेटाळली गेली. मार्चअखेर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळच्या संघास चार कोटी रुपयांचा, तर प्रशिक्षकास पाच लाख रुपयांचा दंड केला आणि त्यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली.

नियमाचा मुद्दा थोडक्यात असा. प्रतिपक्षाने ९.१५ मीटर अंतरावर जावे असा आग्रह फ्री किक घेणारा खेळाडू धरू शकतो. तसे झाल्यास पंचाची शिट्टी होईपर्यंत त्याने थांबावे लागते. परंतु तो हा हक्क सोडून चेंडू तत्काळ मारू शकतो, आणि मग शिट्टीची आवश्यकता उरत नाही. त्या संध्याकाळी यांपैकी कोणती स्थिती होती, पंचांच्या हालचालींतून खेळाडूंनी काय समजावे अशी अपेक्षा होती, हाच वादाचा गाभा होता. छेत्रीचे म्हणणे असे की, आपणांस शिट्टीही नको आणि भिंतीचे अंतरही नको, हे आपण पंचांना सांगितले होते. केरळच्या बाजूचे म्हणणे असे की, खेळ थांबलेला आहे असेच आपल्या खेळाडूंना वाटावे अशी परिस्थिती होती.

३

आता हा प्रसंग वृत्तान्ताच्या भाषेत उतरवू पाहणाऱ्या वार्ताहराचा विचार करावा. तो कोणाचाही पक्षपाती नाही, असे गृहीत धरू. त्याला मराठीत एक वाक्य लिहायचे आहे. 'छेत्रीने गोल केला' असे त्याने लिहिले तर कर्तृत्व खेळाडूकडे गेले. 'पंचांनी गोल दिला' असे लिहिले तर तेच कर्तृत्व पंचांकडे गेले आणि छेत्री केवळ लाभार्थी उरला. 'गोल देण्यात आला' म्हटले की देणारा अदृश्य झाला. पण 'देण्यात' या रूपामुळे, तो न देणेही शक्य होते, ही शंका वाचकाच्या मनात राहून गेली. 'गोल झाला' म्हणावे तर सगळेच कर्ते नाहीसे होतात, आणि जणू पाऊस पडावा तसा गोल पडतो. 'छेत्रीने गोलरक्षकाला गाफील गाठले' या भावे प्रयोगात तर एकाचे चातुर्य आणि दुसऱ्याची चूक, दोन्ही निवाडे एकाच क्रियापदात येऊन बसतात. या पाच वाक्यांपैकी एकही असत्य नाही. पाचांपैकी एकही तटस्थ नाही.

क्रियापदाच्या निवडीत हा भार आणखी वाढतो. बेंगळुरूने गोल 'नोंदवला', 'साधला', 'पदरात पाडून घेतला' की 'लाटला'? पहिल्या क्रियापदात केवळ नोंद आहे, दुसऱ्यात कौशल्य, तिसऱ्यात व्यवहारचातुर्य आणि चौथ्यात अन्याय. केरळचा संघ मैदानातून 'बाहेर गेला', त्याने मैदान 'सोडले', मैदानातून 'पळ काढला', की सामन्यावर 'बहिष्कार टाकला'? मराठी वाचकाला 'मैदान सोडणे' हा शब्दप्रयोग लढाईच्या वर्णनांतून परिचित आहे. त्यात भ्याडपणाची छटा आपोआप येते. 'बहिष्कार' हा शब्द स्वदेशी चळवळीपासून प्रतिष्ठा पावलेला आहे. त्याच्या योगाने तीच कृती तत्त्वनिष्ठ ठरते. वार्ताहराच्या मनात यांपैकी कोणताही हेतू नसेल. रात्री उशिरा, छपाईची वेळ गाठण्याच्या घाईत, त्याला जो शब्द प्रथम सुचला तो त्याने लिहिला. परंतु सुचणारा शब्द भाषेच्या स्मृतीतून येतो, आणि भाषेची स्मृती निष्पक्ष नसते.

मराठी क्रीडावृत्तांची एकूण परिभाषाच पाहावी. संघ प्रतिपक्षावर 'मात' करतो, त्याला 'धूळ चारतो', त्याचा 'धुव्वा उडवतो'. ही सर्व भाषा रणांगणाची आणि आखाड्याची आहे. तिच्यात जिंकणारा शूर असतो आणि हरणारा काही ना काही अर्थाने लज्जित असतो. सुमार खेळ होऊनही एक गोलाने हरणारा संघ आणि उत्तम खेळूनही एक गोलाने हरणारा संघ, या दोघांसाठी तिच्याजवळ वेगळे शब्द फारसे नाहीत. पराभूत संघाच्या समर्थकाला वृत्तान्त जो बोचतो, त्याचे एक कारण वार्ताहराच्या मनात नसून त्याच्या शब्दसंग्रहात असते.

४

वाक्य लिहिणाऱ्याचे हे झाले. आता वाचणाऱ्याकडे वळू. या बाबतीत दोन जुन्या अभ्यासांचा निर्देश आवश्यक आहे.

२३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यासंस्थांच्या संघांत अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. सामना धसमुसळेपणाने खेळला गेला. प्रिन्स्टनचा विख्यात खेळाडू डिक काझमायर याचे नाक मोडले. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांनी परस्परविरोधी वृत्तान्त छापले. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी मग दोन्हीकडील विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच चित्रफीत दाखवली आणि नियमभंग मोजण्यास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ आणि स्वतःच्या संघाचे ४.२ नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे ४.३ आणि प्रिन्स्टनचे ४.४ दिसले. हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांनी काढलेला निष्कर्ष साधासुधा नव्हता. लोक एकच सामना पाहून वेगवेगळी मते बनवतात, असे ते म्हणाले नाहीत. लोक मुळातच वेगवेगळे सामने पाहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरा अभ्यास खेळाविषयीचा नाही, पण प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. १९८२ मध्ये बैरूतमधील साब्रा आणि शातिला या छावण्यांत हत्याकांड झाले. त्याविषयीची अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वृत्ते स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी अरबांचा पक्ष घेणाऱ्या व इस्रायलचा पक्ष घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखविली. वृत्ते तीच होती. दोन्ही गटांना ती आपल्या बाजूच्या विरुद्ध झुकलेली वाटली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, विषयाची माहिती ज्यांना अधिक होती त्यांना पक्षपातही अधिक जाणवला. अज्ञानामुळे माणूस तक्रार करतो, ही समजूत येथे कोसळते. फुटबॉलच्या बाबतीत हे सहज पटण्यासारखे आहे. आपल्या संघाचा प्रत्येक सामना पाहणाऱ्या समर्थकाला वृत्तान्तातून काय वगळले गेले हे नेमके कळते. नव्वद मिनिटांच्या खेळाचे चारशे शब्द होतात, तेव्हा वगळले बरेच जाते. ज्याला सगळे ठाऊक आहे त्याला ते वगळणे हेतुपुरस्सर वाटते, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला वृत्तान्त परिपूर्ण वाटतो.

भारतीय काव्यशास्त्राला प्रेक्षकाची ही अवस्था अपरिचित नव्हती. रसास्वादात येणारी विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने एक विघ्न असे सांगितले आहे की, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन झालेला असतो. रंगभूमीवरील भाव माझे, शत्रूचे किंवा तिऱ्हाइताचे, असा संबंध जोपर्यंत सुटत नाही तोपर्यंत आस्वाद निर्विघ्न होत नाही. नाट्याने प्रेक्षकाला या संबंधातून सोडवावे, अशी अपेक्षा असते. फुटबॉलचा सामना मात्र याच संबंधावर उभा आहे. 'आपला' संघ नसेल तर कंठीरवावर पाचव्या मिनिटापासून घसा बसेपर्यंत ओरडण्याचे प्रयोजनच राहत नाही. म्हणून समर्थकाकडून सहृदयाच्या ताटस्थ्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तो तटस्थ झाला की समर्थक राहत नाही. अडचण त्याच्या निष्ठेत नाही. मैदानावर योग्य असलेली ही दृष्टी तो दुसऱ्या दिवशी वाचनातही जशीच्या तशी घेऊन येतो, ही अडचण आहे.

या दृष्टीचे चंचल रूप त्याच महिन्यात दिसून आले. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे अंतिम सामना झाला. बेंगळुरू आणि एटीके मोहन बागान यांच्यात २-२ अशी बरोबरी झाली. चारांपैकी तीन गोल पेनल्टीवर झाले, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये मोहन बागानने ४-३ असा विजय मिळविला. पंचांच्या निर्णयांविषयी या वेळी बेंगळुरूच्या बाजूने संताप व्यक्त झाला. संघाचे मालक पार्थ जिंदल यांनी चित्रफीत पाहून निर्णय तपासणारा साहाय्यक पंच या स्पर्धेत नेमला जावा, अशी जाहीर मागणी केली. पंधरा दिवसांपूर्वी 'पंचांचा निर्णय अंतिम, मैदान सोडणे अक्षम्य' हा बेंगळुरूचा पक्ष होता आणि 'पंचांच्या चुकीला दाद कोठे मागावी' हा केरळचा. पंधरा दिवसांनी युक्तिवाद तेच राहिले. त्यांचे धनी बदलले. यात कोणाचा ढोंगीपणा पाहण्याचे कारण नाही. दोन्ही वेळी वेदना खरीच होती.

५

येथवरच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की, पक्षपाताची सर्व तक्रार ही समर्थकाच्या डोळ्यांतील दोषाची निष्पत्ती आहे. संपादकांना हा निष्कर्ष सोयीचा असतो. दोन्ही बाजू तक्रार करतात त्याअर्थी आपला काटा बरोबर मध्ये आहे, असे ते मानतात. हा तर्क सदोष आहे. दोन्ही पक्षांना बोचणारा वृत्तान्त दोघांविषयीही चुकीचा असू शकतो. आणि एखाद्या वेळी दोघांपैकी एकाची तक्रार अक्षरशः खरी असते. ती निष्ठेचा दृष्टिभ्रम म्हणून झटकून टाकली तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडांगणावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील सामन्याच्या वेळी गर्दीच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे समर्थक चिरडले गेले. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, 'द सन' या वृत्तपत्राने 'सत्य' असा ठळक मथळा देऊन छापले की, लिव्हरपूलच्या समर्थकांनी मृतांचे खिसे कापले आणि मदतकार्य करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले. हे आरोप खोटे होते. लिव्हरपूलच्या लोकांनी त्या वृत्तपत्रावर बहिष्कार घातला. शहराबाहेर पुष्कळांनी त्याला स्वतःविषयी कणव बाळगण्याची खोड म्हटले. २०१२ मध्ये स्वतंत्र चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला, पोलिसांनी जबान्यांत केलेले फेरफार उघड झाले आणि तत्कालीन संपादक केल्व्हिन मॅकेन्झी यांनी क्षमा मागितली. २०१६ मध्ये मृत्यूंची पुन्हा चौकशी करणाऱ्या ज्यूरीने, समर्थकांचा यात दोष नव्हता, असा निर्णय दिला. तेवीस वर्षे ज्यांना 'आपल्या संघापलीकडे काही न दिसणारे' म्हटले गेले, त्यांनाच नेमके दिसलेले होते.

हिल्सबरोची तुलना एका फ्री किकच्या वादाशी करणे अनुचित होईल. तेथे माणसे मेली होती. तथापि त्यापासून मिळणारा धडा सर्वत्र लागू आहे. तक्रार करणारा निष्ठावान आहे, एवढ्यावरून त्याची तक्रार खोटी ठरत नाही. तिची शहानिशा छापलेल्या मजकुरावरून आणि घडलेल्या घटनेवरूनच करावी लागते.

६

पक्षपाताचा आणखी एक प्रकार आहे. त्यात कोणाचा द्वेष नसतो, म्हणूनच तो ध्यानात येत नाही. हा प्रकार म्हणजे जागेचा आणि निवडीचा.

वृत्तान्त वार्ताहर जेथे राहतो तेथून सुरू होतो. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्याभोवती बंगाली वृत्तपत्रांचे वलय पिढ्यान् पिढ्या आहे. तेथे वाचक, वार्ताहर आणि खेळाडू यांची भाषा पुष्कळदा एकच असते. २०१३ मध्ये जन्मलेल्या संघाला असा वारसा मिळत नाही. दुसऱ्या बाजूला कोल्हापूर पाहावे. तेथे फुटबॉलचे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत: खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. शाहू क्रीडांगणावरील सामन्याचा वृत्तान्त लिहिणाराही शहराच्या कोणत्या ना कोणत्या पेठेत राहणारच. तेथे वृत्तपत्र फार जवळ असते, म्हणून संशय येतो. होसकोट्याच्या वाचकापासून ते फार दूर असते, म्हणून संशय येतो.

बेंगळुरूचा फुटबॉल वस्तुतः नवा नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषकात १९३७ आणि १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षे 'बंगलोर मुस्लिम्स' हा संघ विजयी झाला होता. पुढे म्हैसूरच्या संघाने १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी चार वेळा संतोष करंडक स्पर्धा जिंकली. त्यानंतर हा करंडक या राज्याकडे येण्यास चोपन्न वर्षे लागली. तो आला ४ मार्च २०२३ रोजी. त्या दिवशी रियाध येथे कर्नाटकने मेघालयाचा ३-२ असा पराभव केला. कंठीरवावरील त्या वादग्रस्त फ्री किकनंतरचा हा दुसराच दिवस होता.

या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे वृत्तमूल्याची रीत स्पष्ट होते. विजयाची बातमी त्याच दिवशी पूर्ण होते. तिला उद्या नसतो. वादाची बातमी उद्याची बातमी जन्माला घालते: निषेध, सुनावणी, निर्णय, दंड, अपील. म्हणून एक फ्री किक महिनाभर पुरते आणि चोपन्न वर्षांची प्रतीक्षा एका सकाळीत संपते. यात कर्नाटकाविरुद्ध कोणाचा कट असण्याची गरज नाही. पण परिणाम मात्र पक्षपाताचाच होतो. आणखी एक गोष्ट अशी की, समर्थकाचा रोष स्वतःच या रीतीला खतपाणी घालतो. ज्या मजकुराने तो संतापतो तो मजकूर अधिक वाचला जातो, अधिक बोलला जातो, आणि पुढच्या वेळी त्याच प्रकारच्या मजकुराला अधिक जागा मिळते. आपल्या संघाच्या अपमानाचे कात्रण तो जपून ठेवतो. आपल्या राज्याच्या विजयाचे कात्रण त्याने ठेवले आहे काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

७

तेव्हा पक्षपाताच्या भावनेत तीन वेगवेगळे पदर एकत्र गुंफलेले असतात: निष्ठेमुळे बदललेली दृष्टी, भाषेच्या घडणीतून आलेला कल, आणि जागा, अंतर व वृत्तमूल्य यांतून उद्भवणारी विषमता. चौथा पदर, म्हणजे प्रत्यक्ष असत्य, विरळा. पण तो असतो तेव्हा सर्वांत गंभीर असतो. हे पदर सुटे करण्यासाठी वाचकाला काही साध्या कसोट्या वापरता येतील.

पहिली कसोटी अदलाबदलीची. वृत्तान्तातील दोन्ही संघांची नावे परस्परांच्या जागी घालून तो पुन्हा वाचावा. आता तो न्याय्य वाटू लागला, तर दोष दृष्टीचा. आता उलट्या बाजूने खटकू लागला, तर दोष मजकुराचा. दुसरी कसोटी विधान आणि विशेषण वेगळे करण्याची. 'खेळाडू मैदानाबाहेर गेले' हे तपासता येते. 'लाजिरवाणे' हे तपासता येत नाही. विशेषणे खोडून उरलेला मजकूर खरा असेल, तर तक्रार मताविषयीची आहे, असत्याविषयीची नव्हे. तिसरी कसोटी मोजण्याची. एका बातमीवरून काहीच सिद्ध होत नाही. हंगामभरातील मथळे, छायाचित्रे आणि दोन्ही प्रशिक्षकांची अवतरणे मोजली, तर विषमता असल्यास ती दिसल्यावाचून राहत नाही. मोजणी करताना आपल्या बाजूचे कौतुकही मोजावे लागते, आणि येथेच पुष्कळ समर्थक थबकतात.

चौथी कसोटी दुसऱ्या भाषेची. ती बहुभाषिक प्रदेशातील वाचकालाच सुलभ आहे. एकाच सामन्याचे दोन भाषांतील वृत्तान्त शेजारी ठेवले की, जे दोन्हींत समान असते ते बहुधा घडलेले असते, आणि जे एकातच असते ते बहुधा त्या भाषेच्या वाचकासाठी घातलेले असते. एकच भाषा वाचणाऱ्याला आपल्या वृत्तपत्राचा कल दिसत नाही, कारण त्याला तुलनेचे साधन नसते. माशाला पाणी दिसत नाही तसेच हे. कन्नड, इंग्रजी आणि मराठी वाचणाऱ्या होसकोट्याच्या त्या घरात मात्र हे साधन रोज सकाळी दारात येऊन पडते. त्यात शेजाऱ्याकडून मलयाळम वृत्तपत्रातील त्याच सामन्याचा मजकूर वाचून घेण्याची भर पडली, तर ३ मार्चच्या संध्याकाळी मंजप्पडाने कोणता सामना पाहिला हेही कळेल. तो सामना आपण पाहिलेल्या सामन्याहून वेगळा होता, आणि तो पाहणारेही तितकेच प्रामाणिक होते, एवढे उमगले तरी पुष्कळ झाले.

याने निष्ठा उणी होण्याचे कारण नाही. पुढच्या सामन्याला तो मुलगा निळा सदरा घालून जाईल, पंचांवर ओरडेल, आणि तसे करणे सर्वस्वी योग्यच आहे. परंतु ज्याने एकदा 'गोल दिला' आणि 'गोल केला' यांतील अंतर डोळे उघडे ठेवून वाचले, त्याची तक्रार पुढे अधिक नेमकी होते. नेमकी तक्रार संपादकाला झटकून टाकता येत नाही. लिव्हरपूलच्या नागरिकांचे म्हणणे अखेर मान्य झाले ते त्यांचा रोष मोठा होता म्हणून नव्हे. एकेक जबानी, एकेक कागद आणि एकेक वेळेची नोंद त्यांनी चिकाटीने मागून घेतली आणि तपासली म्हणून.